जमिनीवर काढलेली माणसं

कोणाच्याही घरात शिरले की ते आधी वर पंख्याकडे बघायचे, मग खाली जमिनीकडे आणि सगळ्यात शेवटी घरातल्या माणसांकडे. "पंखा जरा बंद करता?" असं म्हणत खुर्चीत टेकायचे. ऐन मे महिन्यात घरची मंडळी घामाघूम होऊन चहा पीत आणि हे पायाखालची लादी न्याहाळत. मग कौतुकाने म्हणत, "लादी बेस हाय. एक माणूस आरामात मावेल." नवीन माणूस हे ऐकून दचकायचा. मीही दचकले होते.

मी मूळची घाटावरची. बदली झाली ती थेट गुजरातच्या हद्दीजवळ, उधव्याच्या पुढे एका पाड्यावरच्या शाळेत. तिकडे खोली मिळेना म्हणून घोलवडला राहिले आणि रोज जीपने जाऊ-येऊ लागले. माझ्या खोलीसमोरच यांचं घर. गावातल्या एका वखारीत चिकू निवडण्याचं काम ते करायचे. नुसता अंगठा फिरवून लहान, मध्यम, मोठा असे तीन ढीग लावायचे आणि तेवढ्यात शेजारच्याशी गप्पाही मारायचे. सगळे त्यांना काका म्हणत, मीही काका म्हणायला लागले. आणि हे काका दिवाळीत रांगोळीने माणसं काढायचे.

रांगोळीतले चेहरे तुम्ही प्रदर्शनात पाहिले असतील, दोरीच्या पलीकडून. इथे दोरी नव्हती, काकी होत्या. धनत्रयोदशीला पुढच्या खोलीतलं सामान मागे जायचं, पंखा बंद व्हायचा आणि काका गुडघ्यांवर बसायचे. त्या दिवसापासून भाऊबीज संपेपर्यंत अख्खं घर मागच्या दाराने ये-जा करी. पुढे काही आणायचंच झालं तर भिंतीला पाठ लावून आडवं सरकत जायचं. एका वर्षी उंबरगावचे जावई सर्दी घेऊन आले. पहिली शिंक ऐकताच काकांनी त्यांची खुर्ची उचलून अंगणात पेरूखाली ठेवली. बिचाऱ्यांनी दिवाळीचा फराळ तिथेच केला. मात्र पुढच्या वर्षी रांगोळीत जावईच होते, आणि नाकाचा शेंडा किंचित लाल होता.

दरवर्षी एकच माणूस, तोही घरातला किंवा आळीतला. दोन्ही मुली काढून झाल्या, वापीला नोकरीला असलेला मुलगा झाला, सून, नातवंडं झाली. चेहरा मोठा करण्यासाठी ते फोटोवर बॉलपेनने चौकटी आखायचे. त्यामुळे त्या घरातल्या प्रत्येक फोटोत माणसं खिडकीच्या गजाआडून बघताहेत असं वाटे. थोरलीच्या लग्नाचा आल्बम तर बघवत नसे. रंग मात्र ते कुठे बघून ठरवत नसत. चिकूत आयुष्य गेलेला माणूस, त्याला त्वचेच्या छटा चिकूतच दिसायच्या. मला काढायचं ठरलं तेव्हा उजेडात उभं करून म्हणाले, "बाई, तुम्ही म्हणजे झाडावरून उतरवल्यावर दुसऱ्या दिवशीचा चिकू." मी दोन दिवस रागावले होते. रांगोळी पाहिली आणि राग गेला. माझी आई मला ज्या नजरेने बघायची, त्या नजरेने कोणीतरी मला बघितलं होतं.

एवढी मेहनत जमिनीवर कशाला, कागदावर काढा, असं मी एकदा म्हटलंच. शिक्षिकेला सुचवल्याशिवाय राहवत नाही. तर म्हणाले, "कागदावर काढलं की माणूस कपाटात जातं, बाई. जमिनीवर असलं की सगळी वाकून बघतात."

एका सव्वीस जानेवारीला मी त्यांना शाळेत नेलं. रंगांचे डबे मांडीवर घेऊन ते जीपमध्ये बसले आणि तलासरीपर्यंत ड्रायव्हरला खड्डे दाखवत राहिले. व्हरांड्यात त्यांनी आमच्या शाळेत भात शिजवणाऱ्या बाईंचा चेहरा काढला. पाड्यावरच्या बाया जमल्या, हसल्या, वाकून बघू लागल्या. मग त्यातल्या एका म्हातारीने विचारलं की हे पुसायचं कशाला? त्यांच्या घरात लग्नाचा चौक गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात, तो पुढचं लिंपण होईपर्यंत राहतो. काका तिच्या घरी जाऊन तो चौक बघून आले. भिंतीच्या इतक्या जवळ उभे राहिले की कपाळाला गेरू लागला. परतताना तो गेरू बोटाने चाचपत राहिले. शेवटी म्हणाले, "आपण भिंत धरायला पायजे होती. काकी तरी तयार झाली असती."

तेव्हा मला कळलं की या माणसाच्या मनात काय आहे. काकींना काढायचं त्यांच्या मनात लग्नापासून होतं. दर दिवाळीला विचारायचे आणि दर दिवाळीला काकी नाही म्हणायच्या.

कारण साधं होतं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी रांगोळी झाडायची काकींनी. काकांना ते बघवत नसे. त्या सकाळी ते पिशवी घेऊन डहाणूच्या बाजाराला जायचे आणि दुपारी कोथिंबिरीची एक जुडी घेऊन परतायचे. मागे काकी पदर खोचून बसायच्या. आधी केसांकडून सुरुवात, मग गाल, हनुवटी. डोळे सगळ्यात शेवटी. आणि डोळ्यांवर केरसुणी नेण्याआधी हळूच म्हणायच्या, "शंभर वर्षं जग." मला झाडताना मी दारात उभी होते. माझ्यासाठीही त्या तसंच म्हणाल्या. सगळे रंग एकत्र होऊन त्याची राखाडी भुकटी झाली आणि ती पेरूच्या बुंध्याशी गेली.

"सगळ्यांना मी सुपलीत भरते," काकी मला म्हणाल्या होत्या. "मला कोण भरणार? हे तर कोथिंबीर आणायला जातील."

मग काकांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहा बशीत सांडायला लागला, नंतर चिकूंचे ढीग चुकायला लागले. डॉक्टरांनी नसांचा आजार सांगितला आणि गोळ्या दिल्या. वखारीवाल्या शेठने माणुसकी दाखवली. खोक्यांत कागद लावायचं बसून करायचं काम दिलं. काका ते हसत करायचे, पण घरी आले की हात मांडीखाली दाबून बसायचे.

त्या वर्षी धनत्रयोदशीला मी समोर गेले तर सामान जागच्या जागी आणि पंखा चालू. इतकी वर्षं त्या बंद पंख्याला शिव्या दिल्या, पण त्या दिवशी तो गरगरणारा पंखा मलाच बंद करावासा वाटला. काका पलंगावर बसून होते. काकी आतून हात पुसत आल्या, पंखा बंद केला आणि म्हणाल्या, "मला काढा."

काकांनी आधी लादीकडे बघितलं. मग म्हणाले, "झाडेल कोण?"

"माझं मी झाडीन."

मी फोटो शोधायला उठले तर काकांनी थांबवलं. हिला चौकटी लागणार नाय, म्हणाले. काकी समोर बसू का म्हणून विचारत होत्या, त्यांनाही आत करंज्या तळायला पाठवलं. मग दोन दिवस तो माणूस जमिनीवर होता. कपाळ झालं, भांग झाला, कानातली कुडी झाली. डाव्या हाताने उजवं मनगट धरून ते चिमूट सोडायचे. पहिला डोळा काढताना हात हलला आणि काळ्याचा गोळा पडला. काडीने कण कण उचलून पुन्हा काढला, तर तसंच झालं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा त्यांनी तळहात टेकवला आणि एका फेऱ्यात सगळं पुसून टाकलं. काढलेलं माणूस त्यांनी स्वतःच्या हाताने पुसलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

आम्ही सगळे मधल्या दारात उभे होतो. काकींच्या हातात झारा तसाच राहिला होता.

"पुढच्या वर्षी," काका जमिनीकडे बघत म्हणाले. "हात बरा झाला की."

"मी कुठं चाललेय," काकी म्हणाल्या.

पुढचे दहा महिने काकांनी परातीत कोरडी रांगोळी घेऊन सराव केला. संध्याकाळी मी शाळेतून आले की बोलवायचे आणि परात दाखवायचे. कधी नुसता डोळा, कधी भुवई. वाईट असलं तर मी चांगलं आहे म्हणायचे आणि ते म्हणायचे, "बाई, पोरांना पण असेच मार्क देता काय?" पण खरं सांगते, श्रावणात एक डोळा काढला होता तो काकींचा होता. मी काकींना दाखवायला निघाले तर काकांनी परात हलवून मोडून टाकला. आत्ता नाय, दिवाळीला सगळीच बघू दे, म्हणाले. माझा फोन हातात होता, फोटो काढता आला असता. तो का काढला नाही, याचं उत्तर मला अजून देता येत नाही.

भाद्रपदात दुपारी जेवून ते आडवे झाले आणि उठलेच नाहीत.

मुलगा वापीहून आला, मुली आल्या. पुरुषमंडळी त्यांना घेऊन गेली आणि घरात आम्ही बायका उरलो. पुढची खोली धुतली. आळीतल्या एका म्हाताऱ्या आजींनी काकांना जिथे ठेवलं होतं तिथे दिवा लावायला सांगितला आणि त्याच्यापाशी तांदळाचं पीठ पसरायला सांगितलं. गेलेलं माणूस पुढे कोणत्या जन्माला जातं त्याची खूण पिठावर उमटते, असं आपल्याकडे मानतात. वर टोपली झाकतात आणि सकाळी उघडून बघतात. पीठ पसरायचं काम माझ्याकडे आलं. कोपऱ्यात बसलेल्या काकी दिवसभरात पहिल्यांदाच बोलल्या.

"चाळून घ्या, बाई. गुठळी राहू देऊ नका."

मी दोनदा चाळलं. एक माणूस मावेल एवढी ती जागा होती, त्यातला परातीएवढा तुकडा मी पांढरा केला.

सकाळी मुलाने टोपली उचलली. सगळे वाकले. पिठावर एका बाजूला बारीक तिरप्या रेघा होत्या. आजी म्हणाल्या, पाखराचं पाऊल आहे, चांगलं झालं, सुटला. जावई म्हणाले, मुंगी गेली असेल. थोरली रडायला लागली, तिला त्यात गाईचा खूर दिसत होता. मग सगळे बाजूला झाले आणि काकींना पुढे येऊ दिलं.

काकी गुडघ्यांवर बसल्या. पिठाला नाक लागेल इतक्या वाकल्या आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बघत गेल्या. आम्ही वाट बघत होतो.

"नाय," त्या म्हणाल्या. "हा त्यांचा हात नाय."

आजींनी पीठ भरून घ्यायला सांगितलं. मुलगा सुपली घेऊन पुढे झाला, तर काकींनी त्याला हाताने थांबवलं. राहू दे अजून थोडा वेळ, म्हणाल्या. मग त्या पिठासमोर मांडी घालून नीट बसल्या, खांद्यावरचा पदर सारखा केला, केसांवरून एकदा हात फिरवला आणि मान जराशी वर करून तशाच बसून राहिल्या.