बाबांचा एका धारेचा रेझर

मंडळी, हिंगोलीच्या नेट कॅफेत बसून लिहितोय.

आज पौर्णिमा. विहारात जायचं तर पांढरा शर्ट अन् गुळगुळीत दाढी, हा बाबांचा नेम. पण आता त्यांचा हात थरथरतो, म्हणून त्यांचा जुना, एकाच बाजूला धार असलेला रेझर मी उचलला. त्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. कापलं तर रक्त लवकर थांबायचं नाही.

"बाबा, अजिबात हलू नका."

गळ्यापाशी आलो तर त्यांनी डोळे मिटले. श्वासही दिसेना.

"बाबा? बाबा!"

"काहून वरडून राहिला? तूच म्हणला ना, हलू नका."

शर्ट पांढराच राहिला. पण पुढच्या पुनवेलाही दाढी मीच करायची, असं बाबा म्हणतात.

तुमच्यापैकी कुणी वडिलांची दाढी केलीय? गळ्यापाशी आल्यावर कुठं बघता, पात्याकडं की छातीकडं?