उजव्या चाकाचा आवाज

शेडमध्ये त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे कानसेन म्हणत. तानसेन होता आलं नाही तर माणसाने कानसेन तरी व्हावं, ही म्हण गाणं ऐकणाऱ्यांसाठी आहे. हा ऐकायचा इंजिन. एक लांब पोलादी सळई होती त्याची. तिचं एक टोक गिअरबॉक्सला टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, डोळे मिटायचे आणि थोड्या वेळाने निकाल द्यायचा. "तिसऱ्या गिअरचे दात गेलेत." खोलून बघावं, तर गेलेलेच असायचे.

कंपनी डोंगरावर विजेचे मनोरे उभे करायची. मनोरे पोचणार तिथे रस्ता पोचत नसतो, म्हणून चारही चाकांना जोर देणारे ट्रक ठेवलेले. दगडधोंड्यांतून, नाल्यांतून सिमेंट आणि लोखंड वर न्यायचं आणि संध्याकाळी खिळखिळे होऊन शेडमध्ये परत यायचं, हा त्या ट्रकांचा जन्म. त्यांची दुखणी ओळखायची हा कानसेनचा.

त्याच शेडमध्ये पत्र्यावर घण पडायचे, ग्राइंडर किंचाळायचा आणि जनरेटर दिवसभर ठणाणा करायचा. कानात घालायचे बोळे कंपनीने दिलेही होते. कानसेनने ते खिळ्याला टांगून ठेवले. कानात बोळे घातलेला कानसेन कुणी पाहिला आहे का? झालं, जायचं ते गेलं. आधी पाखरं गेली, मग फोनची घंटा गेली, मग बायको. "तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस?" असं तो तिच्यावरच खेकसायचा. ती बिचारी ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायची आणि शेजारी म्हणायचे, बाई फार भांडकुदळ आहे.

सळई लावली की हाडातून थोडंफार कळायचं, समोरून मोठ्याने बोललं की ओठांवरून कळायचं, त्यावर त्याने वेळ मारून नेली. उरलेलं अंदाजाने. पुष्कळ वर्षं काम केलेल्या माणसाचा अंदाज दहांतल्या आठ वेळा बरोबर येतो आणि उरलेल्या दोन वेळांचं खापर सुट्या भागांवर फोडता येतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

धाकटा भाऊ त्याच कंपनीत ट्रक चालवायचा. त्याला गाडी शिकवली कानसेननेच, नोकरीला चिकटवलाही त्यानेच. वडील लवकर गेलेले. त्यामुळे दादा म्हणेल ती पूर्व दिशा. लहानपणी दादा म्हणाला होता, विहिरीत तळाशी मगर आहे. धाकटा मिशी फुटेपर्यंत त्या विहिरीत उतरला नाही.

एके दिवशी धाकटा शेडमध्ये आला, कानसेनच्या समोर उभा राहिला आणि नेहमीसारखं मोठ्याने म्हणाला, "दादा, माझ्या ट्रकमधून आवाज येतोय. खरखर. मधेच करकर."

"लाव इकडे. बघतो."

"इथे नाही येत. डांबरी रस्त्यावरही नाही. वर चढाला लागलो, चारही चाकं जोडली आणि ट्रक दगडांतून डुलायला लागला की येतो. पुढून, उजवीकडून. डावीकडे वळवला की वाढतो."

आता हे शेवटचं वाक्य बघा. वळताना वाढणारा आवाज चाकाच्या बेअरिंगचा असतो. डावीकडे वळलं की वजन उजव्या चाकावर येतं आणि झिजलेलं बेअरिंग बोंब मारतं. हे कानसेनला ठाऊक नव्हतं असं नाही, नव्या पोरांना तोच शिकवायचा. धाकट्याने दुखणं नाव-गावासकट आणून दिलं होतं. पण कानसेनचं लक्ष भलतीकडेच होतं. उभ्या गाडीत न येणारा आवाज म्हणजे सळईचा उपयोग नाही, आणि सळई नसली तर आपली पंचाईत, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं.

"चल वर," तो म्हणाला. कामावर देखरेख करणाऱ्या साहेबांना वर जायचंच होतं, तेही सोबत बसले.

डांबर संपलं. धाकट्याने छोटा लिव्हर ओढून चारही चाकं जोडली आणि ट्रक दगडांवर डोलत चढू लागला. कानसेन खिडकीशी बसला होता. त्याला बुडाखालून इंजिनची थरथर लागत होती, बाकी काही नाही.

"आला बघ," धाकटा म्हणाला.

कानसेनने मान हलवली.

"आता बघ, वळवतो. वाढला की नाही?"

कानसेनने पुन्हा मान हलवली. त्याच्या कपाळाला घाम आला होता. साहेबांनी विचारलं, "काय असेल?" आणि दोघंही त्याच्या तोंडाकडे बघू लागले. दोन माणसं अशी बघत असताना 'मला काही ऐकू येत नाही' हे वाक्य उच्चारायचं, म्हणजे भर बाजारात धोतर सोडण्यापैकीच.

"थांबव," तो म्हणाला. खाली उतरला, ट्रकभोवती एक फेरी मारली, पुढच्या उजव्या चाकाशी बसून सळई लावली आणि डोळे मिटले. चाक उभं, इंजिन बंद. त्या सळईतून काय डोंबल ऐकू येणार होतं? पण डोळे मिटण्यात त्याचा हातखंडा होता.

"खडा आहे," तो उठत म्हणाला. "ब्रेकची डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यात खडा अडकलाय. ट्रक मागे-पुढे कर, पडेल आपोआप."

असे खडे अडकतात, डोंगरात रोजच अडकतात. बहुतेक वेळा खरखर त्यांचीच असते. म्हणून तर त्याने ते सांगितलं. धाकट्याने ट्रक मागे घेतला, पुढे घेतला, पुन्हा मागे घेतला आणि टक् करून सुपारीएवढा खडा खाली पडला.

इथे दैवाने दावा साधला. तो खडा पडला नसता तर पुढचं सगळं टळलं असतं. साहेबांनी तो उचलून तळहातावर घेतला आणि म्हणाले, "मानलं बुवा!" कानसेन हसला. त्याला स्वतःलासुद्धा वाटलं की आपण तो ऐकला होता.

पुन्हा निघाले. थोडं वर गेल्यावर धाकटा चाचरत म्हणाला, "दादा, अजून येतोय रे."

"कुठे?"

"हा काय. आता बघ."

"काही येत नाही. खडा पडला, आवाज गेला. तुझे कान वाजतायत. दाखवून घे कुणाला तरी."

साहेब खदखदून हसले. धाकटाही हसला, पण जरा उशिरा.

कान नसलेल्या माणसालाही जमेल अशी एक तपासणी असते. जॅक लावून चाक उचलायचं, वर आणि खाली धरून गदागदा हलवायचं. लटपटलं तर बेअरिंग संपलं. जॅक सीटच्या मागेच होता. पण शेडमधली नवी पोरं असं करू लागली की हाच म्हणायचा, "चाकाला मिठ्या काय मारताय? कान नाहीत का देवाने दिलेले?" मग आता स्वतः कसा मिठी मारणार?

खडा शेडच्या खिडकीत ठेवला गेला. आल्यागेल्याला दाखवायचे. धाकटा नंतरही येऊन म्हणायचा, "दादा, अजून येतोय," आणि सगळी शेड हसायची. कुणीतरी म्हणालं, थोरल्याला कान दिले आणि धाकट्याला भास. मग धाकट्याने सांगणंच सोडलं. आवाज थांबला नव्हता, त्याने स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवणं थांबवलं होतं.

मग एक दिवस रिकामा ट्रक उतारावरून खाली येताना पुढचं उजवं चाक निखळलं. ट्रक उजव्या कुशीवर कोसळला. खिडकीवर टेकवलेला धाकट्याचा उजवा हात दरवाजाखाली सापडला. जीव वाचला. हात कोपरापासून काढावा लागला.

मोडका ट्रक शेडमध्ये आणला तेव्हा कानसेनने चाकाचा हब खोलला. बेअरिंगचा भुगा झाला होता, जळून निळा पडला होता. एका दिवसात असं होत नसतं, कितीतरी दिवस ते बोंबलत होतं. कानसेनने तो भुगा हातात घेतला. बाहेर जाऊन तो भडाभडा ओकला. मग खिडकीतला खडा उचलून त्याने नाल्यात फेकून दिला.

चौकशी झाली. धाकट्याला दवाखान्यात खाटेवरच विचारलं, आवाज वगैरे येत होता का? तो म्हणाला, "मला वाटायचं येतो. पण माझे कान वाजतात. आवाज असता तर दादाला आला असता." त्याने हे भावाला वाचवायला म्हटलं असतं तर एक वेळ सोसवलं असतं. त्याचा त्यावर खरोखर विश्वास होता. साहेबांनी कानसेनला विचारलं, "तुम्ही तर ट्रकमध्ये बसून ऐकलं होतंत. होता काही आवाज?"

"नाही," कानसेन म्हणाला. "काही ऐकू आलं नाही."

शब्दशः खरं होतं. ठपका चालवणाऱ्यावर गेला, उतारावर ट्रक भरधाव सोडला म्हणून.

त्या दिवशी बायकोने त्याच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि समोर बसून मोठ्याने म्हणाली, "उद्या जाऊन साहेबांना सांगा."

"काय सांगू?"

"तुम्हाला ऐकू येत नाही ते. भावजींच्या माथ्यावरचा डाग तरी जाईल. नोकरी गेली तर गेली, दोघं मिळून काहीतरी करू."

"काय म्हणालीस?" तो ताटातून मान वर न करता म्हणाला. "तोंडातल्या तोंडात बोलू नकोस."

एरवी ती दुसऱ्यांदा ओरडून सांगायची. या वेळी उठून गेली. त्याला सगळं ऐकू आलं होतं हे तिला कळलं होतं.

साहेब मनाने बरे होते. कानसेनच्या शब्दाला मान देऊन त्यांनी धाकट्याला फाटकावर बसवलं. एका हाताने फाटक उघडता येतं. आता तो दिवसभर खुर्चीत बसतो, ट्रक आत सोडतो, बाहेर सोडतो. ज्याचे कान शाबूत आहेत असा तोच एक त्या शेडजवळ बसलेला आहे. आत येणाऱ्या एखाद्या ट्रकात बिघाड असला की त्याची मान आपोआप वळते, कपाळावर आठी पडते, ओठ उघडतात. मग तो मान झटकतो आणि ट्रक आत सोडतो.

कानसेनने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो ट्रक त्याने सहज म्हणून तपासला. इंजिनचा पट्टा तुटायला आला होता. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. तेव्हापासून त्याने आपलं काम करायचं बाकडं हलवून अशा जागी आणलं आहे की तिथून फाटक समोर दिसतं. ट्रक येताना तो ट्रककडे बघतच नाही. भावाचं तोंड बघतो, त्याची नजर ट्रकच्या कुठल्या भागाकडे जाते ते बघतो. आठी पडली की उठतो, सळई उचलतो, चार माणसांदेखत डोळे मिटतो. आता त्याचा अंदाज दहांतल्या दहा वेळा बरोबर येतो. आसपासच्या कंपन्यासुद्धा आपले ट्रक घेऊन येऊ लागल्या आहेत.

परवा असाच एक ट्रक आला. धाकट्याची मान बॉनेटकडे वळली. कानसेनने तो बाजूला घ्यायला लावला, सळई टेकवली, पाण्याचा पंप खोलायला सांगितला आणि पंप गेलेलाच निघाला. चालवणाऱ्याने त्याचे पायच धरायचे बाकी ठेवले.

संध्याकाळी दोघं भाऊ घरी निघाले. कानसेनची बायको फाटकाशी आली होती. धाकटा थोरल्याच्या तोंडाकडे बघत, कौतुकाने, नेहमीसारखं मोठ्याने म्हणाला, "दादा, तुला कसं रे कळतं? मला तर आज पंपातून काहीतरी येतंय असं उगाच वाटलं होतं. म्हटलं, झाले सुरू आपले भास."

कानसेनने मान हलवली. बायको त्याच्याकडे बघत होती. धाकट्याने उरलेल्या हाताने फाटक ओढलं, कडी घातली, ती खट्कन वाजली, तरी नीट लागली की नाही हे दादाला विचारलं.

"लागली," कानसेन म्हणाला.