शाफ्टमध्ये नाव घ्यायचं नाही

सहदेव परबला हाक मारायची म्हणजे एक कामच होतं. एकदा मारा, तो ऐकत नाही. दुसऱ्यांदा मारा, तो पाना पुसत बसतो. तिसऱ्यांदा मारली की मग शांतपणे मान वळवून "ओ" म्हणतो, जणू आत्ताच ऐकू आलंय. घाटकोपरच्या ऑफिसात सगळ्यांना हे ठाऊक होतं. त्याच्याबरोबर नऊ वर्षं जोडीने काम करणारा भीमराज तर चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर म्हणायचा, "हा माणूस आहे की सरकारी खिडकी? तीन खेपा घातल्याशिवाय काम होत नाही."

सहदेव हसायचा नाही. चिडायचाही नाही. त्याला त्याच्या आईने शिकवलं होतं ते. लहानपणी कणकवलीजवळच्या गावात भर बारा वाजता कोणी हाक मारली की आई त्याचं मनगट धरायची. "पयल्या हाकेक ओ देव नको हां. माणूस असलो तर तिसऱ्यांदा बोलावतलोच." जे माणूस नाही ते दोनदाच बोलावतं, आणि त्याला ओ दिली की माणूस त्याच्या मागे चालायला लागतो. बस, एवढंच. सहदेव मुंबईत आला, एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, आणि ती सवय काही सुटली नाही.

दुसरी त्याची ख्याती म्हणजे कुरकुर. कशावर करायचा नाही ते विचारा. नव्या पान्यांवर: "हे पोलाद आहे की पापड? दोन नट सोडवले की तोंड वासतात." बसवर: "मुलुंडला पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मी पायी कणकवली गाठेन." लोकांवर: "लिफ्टच्या दाराला चप्पल अडकवून आत सामान भरतात आणि मग आमच्या नावाने बोंब मारतात." पूर्वी रविवारी तो मुलुंडच्या खाडीवर गरी टाकून बसायचा, त्याचा एकमेव शौक. तोही त्याने सोडून दिला. कारण विचारलं तर म्हणायचा, खाडीत आता मासा कुठे उरलाय, नुसता गाळ. ऐकणाऱ्याला पटायचं.

पण या कुरकुरीतली एक गोष्ट नीट बघितली असती तर कोणाच्याही लक्षात आली असती. बाकी सगळं कुरकुरत का होईना तो करायचा. फक्त मुलुंडच्या एका सात मजली सोसायटीचं काम आलं की गुडघा दुखायचा, नाहीतर पोट बिघडायचं, नाहीतर तिथला सेक्रेटरी उर्मट असायचा. असं अकरा वर्षं चाललं. कोणीही जायचं तिथे, सहदेव नाही.

कारण त्या लिफ्टमध्ये श्यामसुंदरचा जीव गेला होता.

श्यामसुंदर म्हणजे भीमराजच्या आधीचा त्याचा जोडीदार. चेंबूरला राहायचा, मोकळ्या मनाचा, गाणारा, बायकोने दिलेला डबा अर्धा सहदेवला खायला लावणारा. लिफ्टच्या कामात दोघं लागतात. एक गच्चीवरच्या मशीनरूममध्ये, हात मेन स्विचवर. दुसरा खाली शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या उभ्या बोगद्यात, डब्याच्या डोक्यावर उभा राहून डबा ज्यांवरून सरकतो त्या रेलना ग्रीस लावतो. खालचा म्हणतो "वर", वरचा म्हणतो "वर", आणि मगच डबा हलतो. खालचा म्हणतो "बस", की त्याच क्षणी स्विच खाली. शब्द तीनच, वर, खाली, बस. शाफ्टमध्ये नाव घ्यायचं नाही, हा नियम. नाव घेतलं की माणूस "काय रे" म्हणतो, आणि तेवढा वेळ शाफ्टमध्ये नसतो.

त्या दिवशी भर दुपारी डबा वर जात होता. डबा वर जातो तेव्हा पलीकडून लोखंडाचं वजन खाली येतं. श्यामसुंदरचा खांदा डब्याच्या कडेबाहेर राहिला होता. घाबरलेल्या माणसाला "बस" आठवत नाही, जवळच्या माणसाचं नाव आठवतं.

"सहदेवा."

सहदेवने ऐकलं. घड्याळात बारा वाजले होते आणि हाक नावाने आली होती. त्याचा हात स्विचवर तसाच राहिला.

"सहदेवा."

तो तिसरीची वाट बघत राहिला. दोन सेकंद असतील, तीन असतील. तिसरी आली नाही.

चौकशीला ऑफिसचे साहेब आले, पोलीस आले. सहदेव म्हणाला, "मला काही ऐकू आलं नाही." कोणी शंका घेतली नाही. मोटारचा आवाज असतोच, आणि श्यामसुंदर चुकीच्या बाजूला उभा होता असं कागदावर आलं. दरवर्षी गणपतीत सहदेव चेंबूरला जातो, श्यामसुंदरच्या घरी. त्याची बायको प्रेमा चहा देते, मुलाच्या नोकरीचं सांगते, आणि उठताना दाराशी दरवर्षी तेच विचारते. "शेवटी काही बोलले का हो ते?" आणि सहदेव दरवर्षी चपलांकडे बघत म्हणतो, "नाही वहिनी." लाज वाटते त्याला. इतकी वाटते की परत येताना तो दोन स्टॉप आधी उतरून चालत राहतो.

आणि हाका थांबल्या नाहीत. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. रोज, बाराच्या सुमाराला, तो जिथे असेल तिथे. अंधेरीच्या टॉवरमध्ये असो, बोरिवलीच्या जुन्या इमारतीत असो, खालून कुठून तरी यायची. "सहदेवा." थोडं थांबून पुन्हा, "सहदेवा." रविवारी खाडीवर तर पाण्यावरून इतकी स्पष्ट आली की त्याने गरी तिथेच टाकली आणि घर गाठलं. बरोबर दोन. कधी एक नाही, कधी तीन नाहीत. सहदेवने कधी ओ दिली नाही. भीती तर होतीच, पण खरं म्हणजे त्याला तोंड नव्हतं.

रिटायर व्हायला दोन महिने उरले असताना ऑफिसातल्या तेजलने त्याच्या हातात कामाचा कागद दिला. मुलुंड, सात मजली. सहदेव गुडघ्याला हात लावणार तोच ती म्हणाली, "काका, गुडघा मागच्या वेळी झाला. दुसरी जोडी सुट्टीवर आहे. प्लीज ना."

बसमध्ये भीमराज खुशीत होता. वाकोल्यात त्याच्या घराचं रंगकाम चाललं होतं, त्याचीच बडबड. सहदेव एका शब्दाने कुरकुरला नाही. एवढी ट्रॅफिक, मेट्रोचं खोदकाम, शेजारचा माणूस मोबाइलवर जोरात व्हिडिओ बघतोय, आणि हा गप्प.

"बरं नाही का रे तुला?" भीमराज म्हणाला. "वाटेत एकाही गोष्टीला नावं ठेवली नाहीस. मला भीती वाटायला लागली."

"खाली मी उतरतो आज," सहदेव म्हणाला. "तू वर थांब."

"गुडघा घेऊन? वेडा आहेस काय. मी उतरतो, तू स्विच सांभाळ."

"मग एक ऐक. काहीही झालं तरी बस म्हणायचं. नाव नाही."

"अरे, नऊ वर्षं तेच करतोय. भूतबित दिसलं तरी बसच म्हणेन, चल." भीमराजच्या घरात भुताखेतांना थारा नव्हता, आणि तो ते अभिमानाने सांगायचा.

मशीनरूम तशीच होती. भिंतीवर श्यामसुंदरने खडूने लिहिलेला कुठल्यातरी जुन्या दुरुस्तीचा आकडा अजून होता, कोणी पुसला नव्हता. सहदेवने मेन स्विचवर हात ठेवला. लोखंड गार होतं. बाहेर गच्चीवर ऊन रणरणत होतं.

"वर," खालून भीमराज.

"वर," सहदेव म्हणाला. मोटार घुमली, डबा हलला.

"बस." स्विच खाली. ग्रीस लागलं. "वर." "वर." असे तीन मजले गेले. काम इतकं सरळ चाललं होतं की सहदेवला वाटलं, उगाच अकरा वर्षं घाबरलो. त्याने घड्याळ बघितलं. बाराला दोन मिनिटं कमी होती.

"वर."

"वर."

डबा हलला, आणि त्याच वेळी हाक आली.

"सहदेवा."

आली, त्याच्या मनात आलं. रोजची. शाफ्टमधून घुमत आलेला आवाज कोणाचाही वाटतो. भीमराज असता तर बस म्हणाला असता, त्याला बजावून सांगितलंय. आता दुसरी येईल आणि मग नेहमीसारखं शांत होईल. मोटार घुमत होती. दोर सरकत होते. सहदेवचा हात स्विचवर होता आणि तो हलत नव्हता, अगदी तेव्हासारखाच.

"सहदेवा."

दोन झाल्या. आईने धरलेलं मनगट त्याला जाणवलं, खरंच कोणी धरल्यासारखं. तिसरी आली तर माणूस. नाही आली तर ओ द्यायची नाही, दिली तर आपण गेलो.

मग जाऊ, असं त्याला वाटलं. गेलो तर गेलो. त्याने हात खेचला, स्विच खाली केला आणि शाफ्टच्या फटीत तोंड घालून ओरडला, "ओ!"

मोटार थांबली. खालून काही आलं नाही. सहदेव धावत निघाला. गुडघा कुठे गेला कोण जाणे, चौथ्या मजल्यापर्यंत तो जिना उतरला नाही, पडत गेला. किल्लीने दार उघडलं तर भीमराज डब्याच्या डोक्यावर गुडघ्यांवर बसला होता, शुद्ध हरपत चाललेला. हत्यारांच्या पिशवीचा पट्टा भिंतीतल्या लोखंडी पट्टीत अडकला होता आणि त्या पट्ट्यात त्याचा हात कोपरापासून पिळला गेला होता. बंद करायचं बटण दुसऱ्या टोकाला, हात पोचला नसता. वजन त्याच्या डोक्यापासून वीतभर वर येऊन थांबलं होतं.

संध्याकाळी जवळच्या हॉस्पिटलात भीमराजचा हात प्लास्टरमध्ये होता. बायको शीतल उशाशी मोसंबी सोलत होती. सहदेव स्टुलावर, चपला काढून, पाय वर घेऊन बसलेला.

"आज तू पहिल्यांदा वेळेवर ऐकलंस," भीमराज म्हणाला. आवाज खोल गेला होता. "दुसऱ्यांदा ओरडायला माझ्यात दम नव्हता रे. बस म्हणायचं सुचलंच नाही, तुझं नाव तोंडात आलं. एकदा ओरडलो आणि डोळ्यांपुढे अंधारी."

"एकदा?"

"एकदाच."

सहदेवने पाय खाली सोडले. मग त्याने सगळं सांगितलं. अकरा वर्षांपूर्वीच्या दोन हाका, तिसरीची पाहिलेली वाट, साहेबांना सांगितलेलं खोटं, आणि रोज बाराला येणाऱ्या त्या दोन. शीतलची मोसंबी हातातच राहिली. भीमराजने थट्टा केली नाही. तो छताकडे बघत पडून राहिला.

"म्हणजे आजची एक माझी," तो शेवटी म्हणाला. "दुसरी त्याची?"

"तो रोज दोन मारतो," सहदेव म्हणाला. "आज एकच झाली."

बाहेरच्या पॅसेजमध्ये कोणी नव्हतं, भेटीची वेळ संपली होती, नर्सचं टेबलही रिकामं होतं. पंखा कुरकुरत होता. सहदेव मान किंचित तिरकी करून बसला होता.

"ओ," तो म्हणाला.

पहिल्याच हाकेला, मोठ्याने, स्वच्छ. शीतलने दचकून दाराकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "भावोजी, कोणाला ओ दिलीत? कोणी बोलावलं नाही."

सहदेव वाकून स्टुलाखाली चपला शोधत होता. त्याचा चेहरा अकरा वर्षांत पहिल्यांदा मोकळा दिसत होता.

"चेंबूरला जाऊन येतो," तो म्हणाला. "वहिनींना सांगायचं राहिलंय, तो शेवटी काय बोलला ते. माझं नाव घेतलं होतं त्याने. दोनदा."