गोटीरामने ज्याचे उपकार मानले

गोटीरामला काळजी करायला कारण लागत नसे. नसलंच तर तो ते हुडकून आणी. मूळचा सायखेड्याचा हा माणूस नाशकात सिडकोच्या दोन खोल्यांत राहायचा आणि अंबडच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये ब्रेकचे सुटे भाग तपासायचा. कुलूप लागलंय ना, हे बघायला कोपऱ्यावरून रोज परत येणार. सोबतचे चिडवत, "गोटीराम, सूर्य नीट उगवलाय का, बघून ये!" तोही हसायचा, पण कोपऱ्यावरून परत येणं काही सुटत नसे.

शेवटी त्याची बायको अंबूबाई वैतागली. "अहो, जे हाय ते बघा की जरा! रोज एकाचं तरी उपकार माना, मंग जेवा. जीव खाली बसंल." तेव्हापासून ताट वाढताना ती विचारायची, "आज कुणाचं मानलं?" कधी तो वेळेवर आलेल्या नळाचं नाव घ्यायचा, कधी शेजारच्या मशीनवरच्या फकिराचं. आणि खरंच, त्याला झोप लागायला लागली.

मग आली २००१ सालची खंडेनवमी. सगळ्यांनी आपापल्या मशीनची पूजा केली. गोटीरामचं हत्यार म्हणजे गेज, बोटभर जाडीची पोलादी दांडी. तिचं एक टोक भागाच्या भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दुसरंही गेलं तर भोक मोठं, माल बाद. या दांडीनेच आपल्याला दोन महिन्यांपूर्वी नोकरीत कायम केलं, या भावनेने त्याने ओलं कुंकू अंगठ्याने दाबून लावलं आणि हात जोडले.

दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी त्याने तीनशे नग तपासले. एकही बाद नाही! माल टेम्पोत चढून गेला. संध्याकाळी गोटीराम गेज पुसायला बसला आणि चिंधी लाल झाली. कुंकू दुसऱ्या टोकाला होतं, वाळून घट्ट बसलेलं. टोक जाड झालेलं, मग ते मोठ्या भोकात तरी कसं जाणार? चिंधी खिशात कोंबून तो घरी आला.

"आज कुणाचं मानलं?" अंबूबाईने विचारलं. त्याने चिंधी पुढे ठेवली आणि सगळं सांगितलं.

"पूजेचंच कुंकू ना? त्यानं काय व्हतंय?"

"कुणाच्या तरी गाडीचा ब्रेक लागायचा नाय, अंबू. आन् सांगितलं तर नोकरी जाईल."

तिने वाढलेलं ताट झाकून ठेवलं. "जा," एवढंच म्हणाली.

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून त्याने मालक ललितसाहेबांना फोन लावला. नंबर दोनदा चुकला. साहेब आधी भडकले, मग स्कूटर काढून निघाले. द्वारका चौकाजवळच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल अजून पडून होता, पुण्याची गाडी भरायची होती. खोकी वर्कशॉपमध्ये परत आली. गेज धुऊन दोघांनी सगळे नग पुन्हा तपासले. अकरा नग बाद निघाले.

"ही चूक तुझ्या लक्षात कशी आली?" साहेबांनी विचारलं.

"रोज जाताना पुसतो साहेब. स्वच्छ असला तरी पुसतो. धास्ती वाटते."

साहेबांनी ते अकरा नग हातात घेऊन नीट पाहिले. "उद्या वेळेवर ये," ते म्हणाले. "आणि पुढच्या वर्षी कुंकू गेजच्या पेटीला लाव."

घरी अंबूबाई जागीच होती. तिने ताटावरचं झाकण काढलं, पण विचारायचा धीर तिला होईना. गोटीरामच बोलला.

"आज धास्तीचं मानलं," तो म्हणाला. "जन्मभर तिला शिव्या दिल्या गं." आणि पहिला घास घेताना त्याला रडू आलं.