गाठीचं खरं कुणाला सांगायचं

पीएचडीसाठी अमेरिकेत ॲन आर्बरला आले, त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात मला ते झटके यायला लागले. बसच्या थांब्यावर हाडं गोठवणारी थंडी, आणि अचानक छातीत धडधड, डोक्यात घण, कोटाच्या आत घामाच्या धारा. विद्यापीठाच्या दवाखान्यातली डॉक्टरीण स्वभावानं गोड होती. प्रत्येक वेळी ती एकच विचारायची, घरची आठवण येते का? अहो, येते तर! कुणाला येत नाही? पण आठवणीनं कुणाला दरदरून घाम फुटतो होय? तिनं मला माणसांत मिसळायचा सल्ला दिला. मी गुमान एका पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं पदार्थ करून आणायच्या जेवणाला, गेले, अळणी पास्ता गिळला, आणि परत येताना पुन्हा तीच धडधड.

शेवटी एकदा लॅबमध्येच कोसळले. कुणीतरी नेमकं तेव्हा बीपी मोजलं आणि भोवतालचे चेहरे बदलले. मग दिवसभराची लघवी साठवायला मला एक भलीमोठी बाटली मिळाली. ती थंड ठेवायची होती. फ्रिज चार मुलींच्या सामायिक मालकीचा, त्यात ही कुठे ठेवणार? मी ती खिडकीबाहेर कठड्यावर ठेवून दिली. मिशिगनची थंडी तेवढ्यापुरती माझ्या कामी आली. तपासण्या आणि स्कॅन झाल्यावर कळलं, की मूत्रपिंडाच्या डोक्यावर ॲड्रिनल नावाची ग्रंथी असते आणि माझ्या डाव्या बाजूच्या ग्रंथीत गाठ आहे. माणूस घाबरला की शरीरात जे रसायन सुटतं, ते ही बया मनाला येईल तेव्हा सोडत होती.

ऑपरेशन झालं. गावात एक मराठी काका होते, लहान मुलांचे डॉक्टर. गणपतीला आम्ही सगळे त्यांच्याकडे जमायचो. हॉस्पिटलात काकू डब्यातून मऊ वरणभात आणायच्या, काका नुसते खुर्चीत बसून राहायचे. गाठीचा रिपोर्ट आला त्या दिवशी काकांनी सर्जनला दाराबाहेर अडवलं आणि हळू आवाजात सांगितलं, जे असेल ते मला सांगा, पोरीला नको. आपल्याकडची रीतच ती. माझ्या मामांना शेवटपर्यंत अल्सर सांगितला होता, आणि खरं काय ते मामा सोडून अख्ख्या घराला माहीत होतं. सर्जननं विचारलं, "तुम्ही तिचे कोण?" दार उघडंच होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काका, मी काय कुक्कुलं बाळ आहे? मलाच सांगू दे त्याला!"

त्यानं मलाच सांगितलं. गाठ पूर्ण निघाली. कॅन्सर आहे का? सांगता येत नाही. हा मला टोलवतोय असंच मला वाटलं. तो गेल्यावर काका जवळ बसले.

"बाळ, ग्रंथींच्या, नसांच्या काही गाठी अशाच असतात. मायक्रोस्कोपखाली साधी आणि वाईट, दोन्ही सारख्याच दिसतात. पुढे कधी दुसरीकडे उगवली तर वाईट म्हणायची."

"आणि तोवर?"

"तोवर दरवर्षी तपासायचं."

"हे काय उत्तर झालं, यार!" मी काकांना यार म्हटलं. ते रागावलेसुद्धा नाहीत, आणि त्यानं मी जास्तच घाबरले.

काकाही गेल्यावर खोलीत मी एकटी. इतकी एकटी मी त्या देशात पहिल्यांदा उतरले तेव्हाही नव्हते. ज्या रीतीवर मघाशी तडकले होते, तीच आता हवीशी वाटायला लागली. मामांचा चक्क हेवा वाटला. त्यांच्या दाराबाहेर कुणीतरी रडून घ्यायचं आणि डोळे पुसून आत यायचं. माझ्या दाराबाहेर जेवणाची ट्रॉली खडखडत होती.

आमच्या घरी फोन नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरला शेजाऱ्यांकडे फोन लावला. शेजारणीनं आईला बोलावून आणलं. मी ठरवून ठेवलं होतं, साधी गाठ होती, काढली, विषय संपला. तसंच म्हणाले.

लाइनवर खरखर. मग आईनं विचारलं, "डॉक्टर कुणाशी बोलले?"

"माझ्याशीच."

"तुला ते साधंच आहे म्हणणार गं! खरं कुणाला सांगितलं? जवळ कोण होतं?"

"आपलं असं कुणी नव्हतं," मी म्हटलं, आणि मग मला आवरेना. भडाभडा सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनाच कळत नाहीये, वर्षानुवर्षं कळणार नाही, मला फार भीती वाटते.

तिकडून शेजारीण "काय झालं हो?" विचारत होती, तेवढं ऐकू आलं. मग आईनं घसा खाकरला.

"काही झालेलं नाही तुला," ती ठणठणीत आवाजात म्हणाली. "साधीच आहे. मला विचार ना, मी सांगते."