चार गोळ्यांची चाचणी

इंजिन जाम झालं आणि व्हॅन भर रस्त्यात गचकन थांबली. मागून बस येत होती. गाडी चालवणारे आमचे हे ओरडले, "अगं, डोकं खाली घाल!" सुनेनं नातीला पोटाशी घेतलं आणि बसनं आम्हाला ठोकलं. व्हॅन फिरून झाडावर आदळली, ती ह्यांच्याच बाजूनं. ह्यांचे पाय आत अडकले. कोवलमच्या समुद्रकिनाऱ्यावर घेतलेली मासळी रस्ताभर सांडली होती. लोकांनी ती तुडवतच ह्यांना बाहेर ओढलं.

दवाखान्यात ह्यांना लगेच ऑपरेशनला नेलं. रक्त फार गेलं होतं, वाचतील की नाही कुणी सांगेना. सून नातीला घेऊन बाकावर बसली. मला बसवेना. आया तमिळमध्ये म्हणाली, "पाटी," म्हणजे आजी, "वाटेत उभ्या राहू नका." मी चालायला लागले. दुपार उलटल्यावर मुलगा आला. तो गुम्मिडिपूंडीला एका इंजिन-तेलाच्या कारखान्यात लॅबमध्ये होता. तोही माझ्याबरोबर चालायला लागला.

"आई, इंजिन जाम होणारच नाही. तेल मी दिलंय."

"म्हणूनच विचारते. कसं तपासलं होतंस ते?"

त्यानं सांगितलं. पोलादाच्या तीन गोळ्या खाली घट्ट बसवायच्या, वर तेल ओतायचं, चौथी गोळी दाबून फिरवायची. मग खालच्या गोळ्यांवर घासल्याचा डाग भिंगातून मोजायचा. ह्या नव्या तेलाचा डाग सगळ्यांत लहान आला होता.

"इंजिनात गोळ्या असतात का?"

"नसतात गं."

"मग?"

"मग काय मग! घासणं कमी झालं, एवढं तर खरं आहे ना?"

"एवढंच खरं आहे का?"

तो कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आला. "गोळ्या तासभर फिरतात. इंजिन महिनोन्महिने तापतं, गार होतं, धूर खातं. तेवढ्या काळात तेल खराब होऊन इंजिनलाच खायला लागलं, तर त्या यंत्राला ते दिसत नाही."

"हे तुला दसऱ्याला तेल दिलंस तेव्हा माहीत होतं?"

"इंजिनवर घालून बघायचं काम चालू होतं, निकाल यायचा होता. पण बाबांना घाई होती. मलाही होती."

घाई होतीच. इकडे तमिळ मुलखात दसऱ्याच्या आयुधपूजेला लोक गाड्या धुऊन हार घालतात. मुलानं आणलेला तेलाचा डबा ह्यांनी पाटावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि मग व्हॅनमध्ये ओतला. शेजारच्या साहेबांना बोलावून दाखवला. "आमच्या चिरंजिवांनी पास केलेलं तेल आहे!" पुढे इंजिन खडखडायला लागलं. तेल काळं आणि आंबूस झालं. मी म्हटलं, बदला. तर म्हणाले, "पूजेचं तेल मध्येच काढून टाकायचं? आणि पोराला काय सांगू? तुझ्यावर भरवसा नाही म्हणून?" खडखडाट इंजिन जुनं झाल्याचा, असं त्यांनी ठरवून टाकलं. मुलगा तेव्हा तिथेच उभा होता. त्याला ते पटलं, कारण डाग लहान होता.

हे सगळं मी त्याला तिथेच ऐकवलं. तो म्हणाला, "आई, आत्ता नको."

"मग कधी?"

आम्ही दोघं नुसते फेऱ्या मारत राहिलो. ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडलं की थांबायचो, बंद झालं की चालायचो.

पुढे मेकॅनिकनं इंजिन उघडलं. बेअरिंगं खड्डे पडून काळी झाली होती. लॅबमधल्या इंजिनातही तेच निघालं, म्हणून ते तेल विकायला काढलंच नाही. मुलगा अजून तिथेच आहे, अजून गोळ्यांचे डाग मोजतो. चाचणी खोटी नाही, म्हणतो. आपण तिला जे विचारलं तेवढंच तिनं सांगितलं. असेल तसं.

हे त्या दिवशी ऑपरेशनच्या टेबलावरच गेले. मी, सून आणि नात वाचलो.