डेपोतली शाळा

आमच्या थोरल्या जाऊबाई साधं ‘मीठ दे’ म्हणाल्या तरी शेजारचे खिडकीत येतात. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, बाईंचा जन्मच भांडायला झालाय. मग कळलं, हा आवाज डेपोत कमावलेला आहे.

उपनगर नवं होतं. घरं झाली, पाणी आलं, शाळा मात्र कागदावरच. सरकारने जाऊबाईंना शिक्षिका नेमलं आणि जागा दिली बस डेपोतली, टायर ठेवायची शेड. मुलं टायरवर बसायची. फळा नव्हता, म्हणून एका बंद पडलेल्या बसच्या अंगावर त्या खडूने लिहायच्या. बाहेरून कंडक्टरची ‘येऊ द्या, येऊ द्या’ आरोळी आली की मुलं पाट्या उचलून भिंतीला चिकटायची. गाडी मागे मागे येत आत शिरायची, इंजिन थांबलं की पाढा राहिला होता तिथून पुढे. एकदा ती बंद बसच दुरुस्त झाली आणि अंगावर तेराचा पाढा घेऊन रस्त्याला लागली! अशी सहा वर्षं काढली बाईंनी. मग कुठे इमारत झाली.

त्या मुलांत आमचे हेही होते. सासूबाई लवकर गेल्या, म्हणून वहिनीच धाकट्या दिराला बोटाला धरून डेपोत न्यायच्या. पुढे नव्या इमारतीतली मुलं या जुन्यांना ‘टायरछाप’ म्हणून चिडवायची. ह्यांना ते साठीतही बोचतं. स्वतःचं दुकान आहे, चार लोक मान देतात, पण शेडचं नाव काढलं की ह्यांना नेमकं दुकानातलं काम आठवतं.

यंदा शाळेचा सुवर्णमहोत्सव ठरला. हे समितीचे उपाध्यक्ष. मुख्याध्यापक, तरुण माणूस, इतिहास विचारायला घरी आले. जाऊबाई अख्खी दुपार बोलत होत्या. मी तीनदा चहा केला. मुख्याध्यापक ‘वा बाई, वा’ म्हणत मोबाइलवर सगळं टिपून घेत होते.

स्मरणिका हातात आली आणि माझ्याच तळपायाची आग मस्तकात गेली. इतिहास सुरू इमारतीच्या उद्घाटनापासून! फीत कोणी कापली, भाषण कोणी केलं, पंखे कोणी दिले. शेडचा उल्लेख एवढाच: ‘प्रारंभी काही काळ वर्ग तात्पुरत्या जागेत भरत.’

जाऊबाई थेट शाळेत गेल्या. मीही मागोमाग.

“बाई, शेड धरली तर शाळेला छप्पन्न वर्षं होतात,” मुख्याध्यापक काकुळतीने म्हणाले. “मग हा सुवर्णमहोत्सव कसला? कमान लागली, पाहुणे ठरले.”

“कमान चुकली म्हणून माझी पोरं पुसायची? निमंत्रणं तरी गेली का त्यांना?”

“इमारतीत दाखल झालेल्या पहिल्या तुकडीपासून पाठवलीत. उपाध्यक्षांनीच तसं सुचवलं.”

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं.  घरी येऊन मी ह्यांना फैलावर घेतलं, तर म्हणे, “लोकांना चांगलं काहीतरी दाखवावं गं. टायर काय दाखवायचे?” वहिनींसमोर मात्र तोंड उघडलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. मला वाटलं, विचारावं एकदा त्या आवाजात, भिंती हादरू देत!

समारंभाला मैदान भरलं होतं. आम्ही दोघं पुढच्या रांगेत. जाऊबाईंना ‘शाळेच्या ज्येष्ठ शिक्षिका’ म्हणून मानचिन्ह दिलं. ज्येष्ठ! पहिल्या म्हणायला जीभ झडली असती का? दोन शब्द बोला म्हणून माइक पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. त्यांना कशाला लागतोय माइक.

“डेपोत माझ्याकडे शिकलेलं कोणी इथे असेल तर उभं राहा रे.”

मैदानात चिटपाखरू हललं नाही. हलणार कुठून? बोलावलंच नव्हतं कोणाला. मी ह्यांना कोपराने ढोसलं. हे खाली बघत घड्याळाचा पट्टा नीट करत बसले.

“उठा ना!”

“तमाशा नको,” हे पुटपुटले.

मला राहवलं नाही. मीच उभी राहिले. जाऊबाईंच्या त्या सहा वर्षांना कोणीतरी उभं राहायला नको?

जाऊबाईंनी मंचावरून मला पाहिलं. मग शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. नुसतं नाव घेतलं असतं तरी ह्यांना उठावंच लागलं असतं. त्यांनी नाव घेतलं नाही.

“तू बस गं,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा एवढा हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. “तू नव्हतीस तिथे.”